ताईची चाकं

दातोबा समोर जेवायला बसला की माणसं तोंड मिटून चावू लागतात. तो कवळ्या बनवतो. समोरच्याने घास घेतला की त्याचे डोळे ताटावर नसतात, जबड्यावर असतात. आमची ओळख झाली त्या दिवशी अर्ध्या जेवणात त्याने मला विचारलं, "आजोबा, डावीकडे घास का नेत नाही तुम्ही?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"सवय नाही, वरची दाढ आहे," तो म्हणाला आणि पाव मोडायला लागला.

पुढच्याच आठवड्यात ती दाढ काढावी लागली. तेव्हापासून मी त्याच्या समोर बसत नाही, शेजारी बसतो.

दातोबा हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं. त्याच्याबद्दल लिहावं असं मोठं काही त्याने केलेलं नाही. एकही शर्यत जिंकलेली नाही. मलाही लिहायची सवय नाही, दोन ओळी लिहिल्या की तिसरी खोडावीशी वाटते. पण गेल्या वर्षीची शर्यत डोक्यातून जात नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

त्याची कामाची खोली दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे. लांबट, अरुंद, एका टोकाला खिडकी. खिडकीखाली बाक आणि बाकावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, आ वासलेले. मेणाचा वास, आणि सगळ्यावर पांढरी धूळ, त्याच्या भुवयांवरसुद्धा. प्रत्येक माणसाचं काम वेगळ्या तबकात असतं आणि तबकावर नंबराची चिठ्ठी.

"एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात गेले तर काय होईल रे?" मी एकदा विचारलं.

"दोघंही उपाशी राहतील."

"झालंय कधी?"

"छे. मग नंबर कशाला लावतो?"

त्या दिवशी त्याने एक जुनी कवळी तळहातावर घेऊन मला दाखवली होती. दात एका बाजूने झिजून उतरते झाले होते. त्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "हा गृहस्थ उजवीकडून चावतो, झोपेत दात खातो आणि एकटाच जेवतो."

"एकटा जेवतो हे दातांवरून कळतं?"

"नाही, ते त्याने सांगितलं."

स्केटिंगला मी उशिरा लागलो. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणजे दुसऱ्यांना वर-खाली नेलं. रिटायर झाल्यावर मुलाने घर बदलताना मागे टाकलेले स्केट्स कपाटात सापडले, एका रेषेत चार चाकांचे. ते घालून मी तलावाच्या रस्त्यावर कठडा धरून उभा होतो. किती वेळ उभा होतो ते सांगत नाही. तेवढ्यात एक बाई समोरून वाऱ्यासारखी आली, माझ्यापुढे थांबली आणि म्हणाली, "काका, कठडा पळून जाणार नाही. सोडा त्याला."

ती ताई. दातोबाची बहीण. तयार कपडे उसवून मापाचे करून द्यायचं तिचं दुकान होतं. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल, पण मीही तिला ताईच म्हणायला लागलो, कारण सगळेच म्हणत. तिने मात्र आठवडाभरात मला काकाचं आजोबा करून टाकलं.

तर आम्ही चौघं. बस चालवणारी एक बाई होती, तिला आम्ही स्टेअरिंग म्हणायचो, कारण ओळीत पहिली तीच. तिच्यामागे मी. माझ्यामागे ताई, ताईमागे दातोबा. स्केटिंगच्या लांब शर्यतीत असं एकामागे एक जावं लागतं. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाला. पुढचा दमला की बाजूला होऊन सगळ्यात मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. पण कोण कोणाच्या मागे हे बदलत नाही. सरळ रस्ता लागला की मागच्याने पुढच्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, तळहात टेकवायचा. ढकलायचं नाही, नुसता टेकवायचा. मग सगळ्यांचे पाय एका तालात पडतात. दोन माणसांत हातभरापेक्षा जास्त जागा पडली की आडोसा गेला, मागचा एकटा पडला. हे सगळं मला ताईने शिकवलं. कित्येक वर्षं माझ्या पाठीवर तिचाच हात असायचा. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात, बोटांची टोकं टणक.

आमचा एक नियम होता. शेवटच्या वळणानंतर ओळ मोडायची, मग ज्याचं त्याने पळायचं. आणि जो शेवटी येईल त्याने जेवण ठरवायचं. बाकीच्यांनी निमूटपणे तेच खायचं. जिंकणाऱ्याला मेडल मिळतं, हरणाऱ्याला काहीतरी मिळायला नको का, असं ताईचं म्हणणं. बस डेपोसमोर एक खानावळ आहे, तिथे आम्ही जायचो. शेवटच्याचे स्केट्स सुटून तो टेबलाशी येईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही.

ताई शेवटी आली की मटारचं सूप मागवायची. घट्ट, हिरवं, चमचा उभा राहील असं. दातोबाला ते बघवत नसे.

"ज्यात चावायचं काही नाही ते जेवण नव्हे," तो म्हणायचा.

"तुझं दुकान बंद पडेल म्हणून घाबरतोस," ताई म्हणायची. "गिळ."

"तू मुद्दाम मागे राहतेस. ह्या सूपसाठी."

"मुद्दाम मागे राहायला आधी पुढे असावं लागतं, छोट्या."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला ती छोट्या म्हणायची. दोघं एकाच घरात राहायचे. दोघांचीही लग्नं झाली नव्हती, का झाली नव्हती ते मी कधी विचारलं नाही.

आता चाकांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्केटची चाकं सारखी झिजत नाहीत. पाय बाहेर ढकलताना आतली कड घासते, म्हणून काही दिवसांनी चाकं काढून डावीकडची उजवीकडे आणि आतली बाजू बाहेर अशी फिरवून लावावी लागतात. दातोबा दर रविवारी दुपारी हे काम करायचा. स्वतःचीच नाही, माझी आणि स्टेअरिंगचीही चाकं फिरवून द्यायचा. फक्त ताई तिच्या चाकांना हात लावू देत नसे. लहानपणी तिचा डावा घोटा मोडला होता, तेव्हापासून तो पाय थोडा आत पडायचा. त्याच्यामुळे तिची चाकं अशी काही तिरकी झिजायची की दातोबाचा जीव खालीवर व्हायचा.

"अगं, फेकून देण्याच्या लायकीची झालीत. निदान फिरवू तरी दे."

"माझ्या पायाला बसलीत ती. फिरवलीस तर मीच पडेन. हात लावायचा नाही."

चाकं दोघांची एकाच पाकिटातली असायची, एकाच मापाची, एकाच राखाडी रंगाची. पण तिची ओळखायला बघावं लागत नसे. नुसता अंगठा फिरवला तरी कळायचं.

ताईला आठवडाभर ताप आला. मग दवाखाना. मग ती नव्हती.

ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि त्या दिवसांतलं मला फारसं आठवतही नाही. दातोबाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी काम सुरू केलं. लोकांना दात वेळेवर मिळाले. महिन्याभराने तो तलावावर आला, स्केट्स घातले, ओळीत उभा राहिला. स्टेअरिंग निघाली, मी तिच्यामागे, दातोबा माझ्यामागे.

पण पाठीला हात लागला नाही. मला वाटलं, विसरला असेल. वळणावर मान वळवून पाहिलं तर तो मागे होता, पण माझ्या लगेच मागे नव्हता. मध्ये बरोबर एका माणसाची जागा. मी हळू झालो तर तोही हळू झाला. जागा तेवढीच राहिली.

हे रोज व्हायला लागलं. त्याला सगळा वारा एकट्याला लागायचा, चेहरा लाल व्हायचा. तो मुद्दाम करतोय असंही वाटेना. जिथे इतकी वर्षं तो असायचा तिथेच तो होता. पुढची जागा रिकामी होती, एवढंच.

"त्याला सांगा ना तुम्ही," स्टेअरिंग मला म्हणाली. "वयाने मोठे आहात."

"काय सांगू?"

"पुढे सरक म्हणून सांगा. बसमध्ये मी दिवसभर तेच ओरडते."

मी सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

खानावळीत आम्ही जायचो तेव्हा तो जेवायचा. समोर येईल ते खायचा. पण कुणाच्या तोंडाकडे बघायचा नाही. एक दिवस चुकून मीच त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसलो, आणि अर्धं जेवण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तोंड उघडं ठेवून चावतोय आणि त्याने पाहिलेलंही नाही. तो माझ्यामागच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काही नव्हतं.

एकदा मी त्याच्या घरी गेलो होतो, त्याची छत्री परत द्यायला. दाराशी दोन जोड ठेवलेले होते, त्याचे स्केट्स आणि ताईचे. आत ताईचं शिलाई मशीन, त्याच्यावर झाकण. खुंटीवर तिचं जाकीट. मी चहा घेतला. निघताना मी बूट घालत होतो तेव्हा तो खाली बसला आणि ताईच्या स्केटचं एक चाक बोटाने फिरवलं.

"रोज फिरवतो," तो म्हणाला. "जाम होऊ नयेत म्हणून."

"बरं करतोस."

"घरात सगळं आहे, आजोबा. कपडे आहेत, चष्मा आहे. फोटो तर ढीगभर. पण फोटोत ती उभी असते. ती जायची कशी ते फक्त ह्यात राहिलंय." त्याने चाकाच्या तिरक्या कडेवर अंगठा ठेवला. "ह्यांना हात लावला तर गेलं."

त्याचा आवाज दात मोजून देणाऱ्या माणसासारखा होता. मी मान हलवली आणि छत्री पुन्हा हातात घेऊन निघालो. ती त्यालाच द्यायची होती हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

शर्यत दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी असते. तलावाला तीन फेऱ्या. पुढे तरणीताठी मुलं-मुली, मागे आमच्यासारखे हौशी, आणि सगळ्यांच्या मागे एक पांढरी गाडी. ज्याला जमत नाही त्याने त्या गाडीत बसायचं. गाडीत बसणाऱ्याला जेवण ठरवता येत नाही, हा ताईच्या नियमातला पोटनियम. नाहीतर सगळेच बसतील, असं ती म्हणायची.

शर्यतीच्या आदल्या रविवारी ताईचं एक चाक फिरवताना खरखर आवाज आला. आतलं बेअरिंग गंजलं होतं. नुसतं ठेवून ठेवून. दातोबाने मग तिची आठही चाकं काढली, बेअरिंग बाहेर काढून तेलात टाकली, आणि हात काळे झालेच आहेत तर स्वतःचीही काढली. कामावरून आणलेली दोन तबकं होती. एकात ताईची चाकं, दुसऱ्यात त्याची. हे मला त्याने नंतर सांगितलं. तबकांना नंबर लावले नाहीत. घरात कशाला नंबर? मध्ये दवाखान्यातून माणूस आला, कुणाचीतरी कवळी जेवताना मोडली होती. तो जाऊन आला. आल्यावर चाकं लावून टाकली. लावताना त्याचे डोळे उघडे होते आणि अंगठा चाकावरून फिरत होता. पण त्या दिवसांत तो बघायचा आणि त्याला दिसायचं नाही.

शर्यतीच्या सकाळी ढगाळ होतं. नंबराची फडकी पाठीवर लावून आम्ही तिघं कडेला उभे राहिलो. दातोबा म्हणाला, "माझे पाय आज जड आहेत."

"आमचे रोज असतात," स्टेअरिंग म्हणाली. "चल."

पहिली फेरी नेहमीसारखी झाली. म्हणजे पुढचे दिसेनासे झाले आणि आम्ही उरलो. मागे त्या एका माणसाची जागा होतीच. धरणाच्या बाजूला रस्ता उघडा आहे, तिथे वारा समोरून येतो. दातोबाचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो जवळून येत नव्हता. दुसऱ्या फेरीत स्टेअरिंग दमली. ती बाजूला झाली, मी पुढे आलो आणि ती मागे जाऊन दातोबाच्या पाठीशी लागली. थोडं अंतर गेलं असेल, तेवढ्यात तिची हाक आली.

"ए दातोबा!"

तो तसाच पाय टाकत राहिला.

"अरे, तुझा डावा पाय असा काय पडतोय?"

"कसा?"

"आत. ताईसारखा."

पुढे पाण्याचं टेबल होतं. दातोबा ओळीतून बाहेर पडला, टेबलाजवळच्या दगडावर बसला आणि डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला. आम्हीही थांबलो. त्याने चाकावर अंगठा ठेवला. मग दुसऱ्या चाकावर. मग तिसऱ्या. मी त्याला कवळ्या तपासताना पाहिलं होतं, अगदी तसाच.

"तिची आहेत," तो म्हणाला.

स्टेअरिंगला काही कळलं नाही. मला कळलं. मी तिला थोडक्यात सांगितलं, ती "अगं बाई" म्हणाली आणि दगडाच्या दुसऱ्या टोकावर बसली.

"किती झिजली असतील?" दातोबाने विचारलं. दोन फेऱ्या होत आल्या होत्या. तो रस्ता खडबडीत आहे, चाक खातो. "कड गोल व्हायला लागलीय. माझा पाय बाहेर पडतो ना. मी उलटं घासतोय."

"काढून टाक," स्टेअरिंग म्हणाली. "गाडीत बस. कुणी काही म्हणणार नाही. अजून राहिली असतील तेवढी राहतील."

पांढरी गाडी मागे येऊन उभीच होती. चालकाने काच खाली केली. "बसणार आहेत का कोणी? नसतील तर निघा बाबांनो, मला जेवायला जायचंय."

"थांबा हो दोन मिनिटं," स्टेअरिंग त्याच्यावर ओरडली. "आम्हीही गाडीवालेच आहोत."

दातोबाने बुटाची पट्टी सोडायला घेतली. अर्धी सोडली आणि हात तसाच ठेवला. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. पण काढ म्हणावं तर ती चाकं पुन्हा दाराशी जाणार आणि गंजणार. चल म्हणावं तर ती शेवटच्या फेरीत संपणार. पाण्याचं टेबल मांडणारा पेले गोळा करत होता.

"ती बसली नसती," दातोबा म्हणाला. "गाडीत."

स्टेअरिंगने खिशातून रुमाल काढला. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "बसली होती."

"कोण?"

"ताई. बसली होती गाडीत. एकदा."

"कधी?"

"अरे, तू त्या वर्षी लाल जर्सीवाल्यांच्या मागे लागून पुढे निघून गेला होतास ना? आजोबांच्या गुडघ्याला लागलं होतं, ते नव्हते आले. आम्ही दोघीच मागे. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, घोटा ठणकतोय, आणि मला भूकही लागलीय. दोघी बसलो गाडीत. ड्रायव्हरची सगळी बिस्किटं खाल्ली आम्ही. शेवटच्या वळणाच्या आधी उतरलो, झाडामागे, आणि तिथून आलो स्केट करत."

"हे खोटं आहे."

"मला मेलीला काय पडलंय खोटं बोलायला? मला शपथ घातली होती तिने, छोट्याला सांगायचं नाही म्हणून."

दातोबा तिच्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी ती सगळ्यात शेवटी आली होती."

"हो."

"आणि जेवण तिने ठरवलं होतं."

"ठरवलं होतं."

"मटारचं सूप! मी दोन वाट्या प्यायलो होतो ते. ती म्हणाली होती, नियम म्हणजे नियम." त्याचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "खोटारडी! गाडीत बसून आली आणि मला सूप पाजलं?"

"आणि वर म्हणाली, गिळ," स्टेअरिंग म्हणाली. ती हसत होती का रडत होती ते मला नीट दिसलं नाही, हेल्मेटची पट्टी मध्ये आली होती.

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

दातोबाने पाय खाली ठेवला. सोडलेली पट्टी पुन्हा आवळली. ओढून, एक खाच पुढे. "म्हणजे तिसरी फेरी तिची राहिलीय," तो म्हणाला.

"अरे, पण चाकं—"

"तिचीच आहेत ना? मग तिनेच करायची."

तो उठला. गाडीवाल्याला हाताने जा म्हणाला, पण गाडीवाल्याला जाता येत नव्हतं, त्याला आमच्या मागेच यायचं होतं. त्याने कपाळावर हात मारला.

तिसरी फेरी आम्ही हळू केली. स्टेअरिंग पुढे, मी तिच्यामागे. रस्त्यावर आता प्रेक्षक नव्हते. एकीकडे दोऱ्या गुंडाळणं चाललं होतं. धरणाच्या बाजूला वारा तसाच होता. मी खाली मान घालून पाय टाकत होतो, माझे पायही मला फारसे कळत नव्हते. आणि पाठीवर, कमरेच्या जरा वर, काहीतरी टेकलं. मी दचकलो आणि माझा ताल चुकला. हात होता. ताईचा हात छोटा होता, हा मोठा, जड. त्याला नुसतं टेकवणं जमत नव्हतं, तो दाबत होता.

"ढकलू नकोस रे," मी म्हणालो.

"बरं," मागून आवाज आला. अगदी जवळून.

शेवटच्या वळणाला ओळ मोडली. नियमाप्रमाणे आम्ही दोघं सुटलो, म्हणजे आमच्याने जेवढं सुटता आलं तेवढं. दातोबाने पाठलाग केला नाही. तो सावकाश आला, डावा पाय कधी आत टाकत, कधी बाहेर. त्याच्यामागे पांढरी गाडी.

खानावळीत आम्ही दोघं ताटांशिवाय बसून राहिलो. दातोबा बाहेरच्या पायरीवर स्केट्स काढत होता. बराच वेळ लागला. मग तो मोजे घालूनच आत आला, स्केट्स हातात, आणि ते टेबलावर ठेवले.

"टेबलावर नको रे बाबा," खानावळीच्या मावशी म्हणाल्या. "लोक जेवतात इथे."

त्याने खुर्चीखाली ठेवले. त्याआधी एका चाकावर अंगठा फिरवला.

"काय?" स्टेअरिंगने विचारलं.

"कळत नाही," तो म्हणाला. "तिचं असं राहिलं नाही. माझं म्हणावं तर तसंही नाही." आवाज पुन्हा मोजून देणारा झाला होता. मी त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही.

"शेवटी कोण आलं?" मावशींनी विचारलं. त्यांना आमचा नियम ठाऊक होता.

"मी."

"मग बोल, काय आणू?"

"मटारचं सूप."

"संपलं की रे. किती उशिरा आलात. उकडलेले बटाटे आहेत, अंडी आहेत. पाव कालचा आहे."

दातोबाने थोडा विचार केला. "आणा मग."

पाव खरंच कालचा होता, चिवट. आम्ही तिघं खाऊ लागलो. ताईच्या स्केट्सना त्याची चाकं लागलेली आहेत आणि ती दाराशी तशीच आहेत, हे माझ्या मनात आलं. ती तो बदलणार का, हे विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. अजूनही त्याने बदललेली नाहीत. त्याच्या पायातल्या जोडाची, म्हणजे ताईची, चाकं तो दर रविवारी फिरवून लावतो, आमच्या चाकांसोबत.

गडबडीत मी त्याच्या समोरच बसलो होतो. पावाचा मोठा तुकडा तोडून तोंडात घातला आणि चावत राहिलो. थोड्या वेळाने मान वर केली, तर तो भिंतीकडे बघत नव्हता.

"आजोबा," तो म्हणाला, "उजवीकडची खालची हलतेय तुमची."

"सवय आहे," मी म्हणालो आणि तोंड मिटून चावायला लागलो.